पेलवेल असं धनुष्य

क्रॉसबोच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा वेगाचा असतो. सेकंदाला ४०० फूट, ४५० फूट. अलीकडे काही धनुष्यं ५००च्याही पुढे गेली आहेत. वजनाचा आकडा शोधावा लागतो. तो बाजूच्या पट्टीवर, बारीक अक्षरांत, लांबी-रुंदीच्या रांगेत असतो आणि बहुतेक वेळा दुर्बीण, भाता, बाण यांचं वजन त्यात धरलेलं नसतं. तिशीतल्या माणसाला यात काही खटकायचं कारण नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं मात्र खोकं उलटं करून आधी तो बारीक आकडा वाचावा, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे नीट सांगावं म्हणून लिहितो आहे.

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. राज्याचा नैर्ऋत्येकडचा भाग हिमयुगातल्या बर्फाखाली कधी आलाच नाही. त्यामुळे आसपासची सपाट शेतजमीन इथं एकाएकी संपते आणि टेकड्या, घळी, ओकची रानं सुरू होतात. सातारा जिल्ह्यातल्या डोंगरकुशीत लहानपण गेलेल्या मला ही भूमी पहिल्या दिवसापासून परकी वाटली नाही. नोकरी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात, सहकारी जवळजवळ सगळे शिकारी. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुमारास बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम लागला की कारखाना अर्धा रिकामा व्हायचा. त्यांच्यातल्या एकानं माझ्या हातात धनुष्य दिलं. बंदुकीचं मला कधी आकर्षण वाटलं नाही. धनुष्याचं वाटलं, आणि ते टिकलं.

मराठी वाचकाच्या मनात इथं एक प्रश्न येतो, तो मला ठाऊक आहे. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली. ते योग्यच झालं. कोल्हापूर दरबारी पाळीव चित्ते काळविटांवर सोडले जात, त्या काळाबद्दल मला जराही हळहळ नाही. तो चित्ता गेला आणि काळवीटही जाता जाता वाचलं. इथली गोष्ट वेगळी आहे. या एका राज्यात पांढऱ्या शेपटीची हरणं १५ लाखांहून जास्त आहेत. लांडगे उत्तरेकडे आहेत, आमच्या बाजूला जवळजवळ नाहीत. हरणांची दाटी वाढली की ओकची रोपं गुडघ्याच्या वर जात नाहीत, रस्त्यावर गाड्यांना धडका बसतात, रोग पसरतो. २००२ साली माउंट होरेबच्या परिसरात हरणांच्या मेंदूला पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. तेव्हापासून आम्ही मारलेल्या हरणाचं डोकं तपासणीसाठी देतो आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये राहतं. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इथं बंदुका-काडतुसांवरच्या करातून वन्यजीवांसाठी पैसा उभा करणारा कायदा १९३७ सालचा आहे. त्या कराच्या कक्षेत धनुष्यबाण आणणारी दुरुस्ती १९७२ साली झाली, म्हणजे भारतानं शिकार थांबवली त्याच वर्षी. आज क्रॉसबोच्या किमतीत तो ११ टक्क्यांचा कर मिसळलेला असतो. दोन देशांनी आपापल्या रानांची स्थिती पाहून उलट दिशेची पावलं टाकली, आणि मला दोन्ही बरोबर वाटतात. साताऱ्याच्या डोंगरात मी भेकरावर बाण रोखणार नाही. इथं रोखतो, आणि जे मारतो ते घरी खातो. हरणाच्या मांसाला चरबी अगदी कमी. त्याचं सुकं करताना तेल थोडं सढळ आणि आच मंद लागते, हे माझ्या पत्नीनं शोधून काढलं.

तर, धनुष्य. खांद्याचा स्नायू फाटून शस्त्रक्रिया झाल्यावर उभं धनुष्य ताणून धरणं मला जमेना. उभ्या धनुष्यात दोरी ओढून, ती ओढलेलीच ठेवून, नेम धरायचा असतो. क्रॉसबोत दोरी एकदाच मागे खेचून अडकवतात, मग दस्ता खांद्याला लावून चाप ओढायचा. म्हाताऱ्या किंवा दुखऱ्या खांद्याचं हत्यार म्हणूनच ते या राज्यात आधी आलं. विस्कॉन्सिनच्या कायद्यात २०१४ पूर्वी धनुष्याच्या हंगामात क्रॉसबो वापरायची मुभा अपंगांना आणि ६५ वर्षांवरच्यांना होती. २०१४ पासून ती सर्वांना मिळाली. शेजारच्या मिनेसोटात ती अट ६० वर्षांची होती, तिथं २०२३ मध्ये उठली. अटी उठल्या आणि बाजार बदलला. पूर्वी गिऱ्हाईक म्हातारं होतं, आता तरुण आहे. कारखान्यांनी तरुणांना हवा तो वेग दिला. ज्यांच्यासाठी दार प्रथम उघडलं त्यांना मात्र आज दुकानातल्या भिंतीवर आपल्या हाताला जमेल असं धनुष्य शोधावं लागतं.

जड धनुष्याची ओढ आपल्यातही खोल आहे. जनकाच्या घरचं शिवाचं धनुष्य आठ चाकांच्या पेटीत घालून माणसांनी ओढत आणलं, असं वाल्मीकींनी सांगितलं आहे. ते जो उचलील त्याची सीता. द्रौपदीच्या स्वयंवरातही धनुष्य वाकवताना राजेमहाराजे कोलमडले. या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला धनुष्याचा जडपणा हीच धनुर्धराची लायकी वाटते. माझ्याही मनाला हलकं धनुष्य घेणं म्हणजे एक पायरी उतरणं वाटलं, हे खरं. पण त्या स्वयंवरांत धनुष्य एकदाच उचलायचं होतं, भर सभेत, तारुण्यात. रानात ते पहाटेच्या थंडीत, जाड कोटाच्या आत, हरणाची मान खाली जाईपर्यंत हालचाल न करता धरून ठेवायचं असतं. उचलण्याची ताकद आणि धरून ठेवण्याची ताकद वयाबरोबर सारखी उतरत नाही. तिशीनंतर दर दशकात स्नायू तीन ते आठ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर वेग वाढतो, असं वैद्यकाची पुस्तकं सांगतात. मला पुस्तकाआधी हातानं सांगितलं. उचलताना काहीच वाटत नसे. दुर्बिणीतली रेघ स्थिर राहत नसे.

ती रेघ किती हलली तर किती बिघडतं, याचा हिशेब सोपा आहे. तीस यार्ड म्हणजे नव्वद फूट. तेवढ्या अंतरावर नेम अर्धा अंश चुकला तर बाण साडेनऊ इंच दूर जातो. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचांच्या ताटलीएवढा. मधोमध नेम धरला तर सगळीकडे चार इंचांची सोय. म्हणजे पाव अंशाच्या थरथरीलाही जागा पुरत नाही. बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्यानं मारत नाही. त्याचं पातं आरपार कापत जातं आणि प्राणी रक्तस्रावानं पडतो. योग्य जागी लागला तर काही सेकंदांत हरीण कोसळतं. चार बोटं मागे पोटात लागला तर ते तासन् तास तडफडत हिंडतं. शिकार करणाऱ्याच्या डोक्यात या वाक्यापेक्षा मोठं काही असू नये. वजनाचा प्रश्न मला नुसत्या सोयीचा वाटत नाही तो यामुळे. तो समोरच्या प्राण्याच्या वाट्याला येणाऱ्या मरणाचा प्रश्न आहे.

मग पौंडांत किती फरक पडतो? क्रॉसबो साधारण साडेपाच ते आठ पौंडांचे असतात. दुर्बीण आणि भरलेला भाता चढवला की दीड-दोन पौंड वाढतात. पण आकड्यापेक्षा तोल जास्त महत्त्वाचा. जन्मभर यंत्रांचे आधार आणि भार मोजलेल्या माणसानं हे कागदावर मांडून पाहिलं नसतं तरच नवल. समजा धनुष्य साडेसात पौंडांचं आहे, दस्ता खांद्याला टेकला आहे, आणि पुढचा हात खांद्यापासून चौदा इंचांवर आहे. धनुष्याचा गुरुत्वमध्य पुढच्या हाताच्याही चार इंच पुढे असेल तर त्या हातावर साडेनऊ पौंडांहून जास्त भार येतो, म्हणजे धनुष्याच्या वजनापेक्षा जास्त; कारण मागचं टोक वर उचलू पाहतं आणि ते खाली दाबून ठेवावं लागतं. तोच मध्य हाताच्या चार इंच मागे आणला तर हातावर साडेपाच पौंडांहूनही कमी भार राहतो. धनुष्य तेच, वजन तेच, हातावरचा भार जवळजवळ निम्मा. क्रॉसबोचं सगळं जड सामान, म्हणजे मधला धातूचा सांगाडा, पाती, चाकं, रिकीब, हे नाकाशी असतं, म्हणून बहुतेक धनुष्यं पुढे झुकतात. काही रचनाकारांनी पाती उलटी फिरवली, दोरी पुढच्या बाजूला नेली आणि भार मागे आणला. त्या धनुष्यांचं वजन कागदावर कमी नसतं, पण हातात ती कमी भरतात.

म्हणून दुकानात मी आता काट्यावरचा आकडा विचारतो आणि मग धनुष्य पुढच्या पकडीच्या जागी एका बोटावर तोलून पाहतो. विकणारे समजून घेतात. बोटावर नाक खाली गेलं तर ते किती पटकन गेलं हे बघायचं. मग दुर्बीण आणि भाता चढवायला सांगायचं, कारण रानात ते चढलेलेच असतात. मग हिवाळी कोट घालून खांद्याला लावायचं. कोटामुळे दस्ता इंचभर लांब होतो आणि तोल पुन्हा सरकतो. आणि मग नुसतं धरून उभं राहायचं, हात थकेपर्यंत. मंडळी एकदा खांद्याला लावतात, दुर्बिणीतून छताकडे बघतात आणि पैसे मोजतात. तेवढ्यावर कुठलंही धनुष्य हलकंच वाटतं.

वजनापेक्षाही अवघड गाठ दोरी मागे खेचण्याची. इथं मला इतिहासानं मोठा धीर दिला. युरोपात ११३९ सालच्या लॅटरनच्या दुसऱ्या धर्मसभेनं ख्रिस्ती माणसांविरुद्ध क्रॉसबो वापरायला बंदी घातली, इतकी त्याची धास्ती होती. बंदी कुणी पाळली नाही आणि ११९९ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड फ्रान्समध्ये अशाच एका बाणाच्या जखमेनं गेला. पुढे पाती पोलादाची झाली. रॅल्फ पेन-गॅलवे यांचं क्रॉसबोवरचं पुस्तक १९०३ मध्ये आलं. १२०० पौंड ओढीच्या अशा जुन्या धनुष्याचं वर्णन त्यात आहे. एवढी दोरी हातानं खेचणारा माणूस कुठल्याही शतकात जन्मला नाही. म्हणून त्या काळच्या सैनिकांकडे रिकीब होती, कमरेच्या पट्ट्याचा आकडा होता, बकरीच्या पायाच्या आकाराची तरफ होती, कप्प्या आणि दोरांची चरखी होती, दातेरी पट्टी आणि चाकाचं क्रेनक्विन होतं. ते सैनिक विशी-तिशीतले धडधाकट गडी होते. दोरी ओढायला यंत्राची मदत घेणं क्रॉसबोच्या जन्मापासून चालत आलं आहे. आज दस्त्यात बसवलेला क्रँक फिरवताना कुणा साठीच्या माणसाला ओशाळं वाटत असेल, तर त्यानं आधी ते क्रेनक्विनचं चित्र बघावं.

आजचे पर्याय मुख्यतः दोन. एक दोराचा: दोन मुठी, दोन आकडे, मध्ये दोर. पाय रिकिबीत घालायचा, दोर दस्त्यामागच्या खाचेतून घ्यायचा, आकडे दोरीला लावायचे आणि पाठ ताठ ठेवून उभं राहत वर ओढायचं. कप्पीच्या नियमानं ओढ निम्मी होते: १५० पौंडांची ७५, आणि ती दोन हातांत वाटली जाते. शिवाय दोन्ही बाजूंनी समान ओढलं जाऊन दोरी मधोमध बसते. नुसत्या हातानं ती थोडीशी जरी एका अंगाला बसली तरी बाण भरकटतो. दुसरा पर्याय क्रँक: २०० पौंडांची दोरीही लहान मुलानं फिरवावी इतक्या कमी जोरात मागे येते. पण वेळ लागतो, काही क्रँक टकटक वाजतात, आणि दस्त्यातच बसवलेला असेल तर धनुष्याचं वजन वाढतं. म्हणजे खेचायला हलकं ते धरायला जड, असा हा व्यवहार आहे. यातून सुटका नाही. आपलं काय जास्त दुखतं, कंबर की खांदा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

उतरवण्याचाही विचार खरेदीच्या वेळीच करावा. दिवस मावळला, हरीण आलं नाही, तर ताणलेलं धनुष्य सैल करावं लागतं. चाकांच्या जुन्या धनुष्यांत त्यासाठी एक बोथट बाण जमिनीत किंवा गादीत सोडावा लागायचा. अंधारात, थकलेल्या हातांनी ते करणं मला कधीच आवडलं नाही. रॅव्हिन ही आमच्याच राज्यातल्या सुपीरियर गावची कंपनी. त्यांच्या क्रँकनं दोरी उलटी फिरवून सावकाश पुढे नेता येते. एक्सकॅलिबर ही कॅनडातली कंपनी चाकं नसलेली, नुसत्या वळलेल्या पात्यांची रिकर्व्ह धनुष्यं बनवते. ती दोरानं ओढता येतात तशी दोरानं उतरवताही येतात. चाप बाणाशिवाय सुटला तर पाती फुटू शकतात आणि बोट रेलच्या, म्हणजे दोरी ज्यावरून सरकते त्या पट्टीच्या, वर राहिलं तर दोरी ते कापून नेते. थंडीनं बोटं बधिर होणाऱ्या वयात पुढच्या पकडीला अंगठा खाली ठेवणारे पंख असलेच पाहिजेत. यावर दुमत नाही.

आता वेग. वेगवान धनुष्याच्या बाजूनं सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद असा की हरीण दोरीचा आवाज ऐकून दबतं, आणि बाण मंद असेल तर वरून जातो. हरीण दबतं हे खरंच. उडी घेण्याआधी पाय मुडपून ते खाली जातं, आणि तेवढ्यात चार-सहा इंच बदलतात. पण आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट जातो. तीस यार्डांवर तो हरणाला ०.०८ सेकंदात गाठतो. ३०० फूट वेगाचा बाण ०.३ सेकंदात पोचतो, ४०० फूट वेगाचा ०.२२५ सेकंदात. आवाजाला दोघंही हरवत नाहीत. फरक आहे तो पाऊण दशांश सेकंदाचा. आणि हेच अंतर तीसऐवजी वीस यार्ड केलं, तर ३०० फुटांचा बाण ०.२ सेकंदात पोचतो. म्हणजे दहा यार्ड जवळ येणं हे शंभर फूट वेगापेक्षा जास्त कामाचं. दहा यार्ड जवळ येण्यासाठी पैसे लागत नाहीत. वाऱ्याची दिशा, हरणांच्या वाटा, ओकची फळं कुठं पडली आहेत याची माहिती लागते, आणि ती म्हाताऱ्या माणसाकडे तरुणापेक्षा जास्त असते.

ताकदीचंही तसंच. ४०० ग्रेनचा, म्हणजे सव्वीसेक ग्रॅमचा बाण सेकंदाला पावणेतीनशे फुटांनी गेला तर त्यात सुमारे ६७ फूट-पौंड ऊर्जा असते. बाणांच्या प्रचलित तक्त्यांत हरणासाठी २५ ते ४१ पुरेशी धरतात. त्यापुढचा, ६५ पर्यंतचा पट्टा एल्क आणि काळ्या अस्वलाचा आहे. ४०० फूट वेगाला हीच ऊर्जा १४० च्या पुढे जाते. ती जास्तीची ऊर्जा हरणाच्या पलीकडच्या मातीत जाते, आणि तिची किंमत मात्र आपण पौंडांत, ओढीत आणि पैशांत मोजलेली असते.

नेमबाजीच्या मैदानावर एक ह्मोंग गृहस्थ भेटतात, वयानं माझ्याहून मोठे. व्हिएतनाम-लाओसच्या युद्धानंतर विस्थापित झालेले ह्मोंग लोक विस्कॉन्सिनमध्ये मोठ्या संख्येनं स्थिरावले. क्रॉसबो त्यांच्या डोंगरांत पिढ्यान् पिढ्यांचा. लाकडी दस्ता, लाकडी पातं, बांबूचे बाण. माझं धनुष्य त्यांनी हातात घेतलं, खालीवर केलं आणि विचारलं, "हे घेऊन तुम्ही डोंगर चढता?" त्यांच्या वडिलांचं धनुष्य दिवसभर खांद्यावर असायचं आणि ते विसरून जायचे, असं ते म्हणाले. मग वीस पावलांच्या आत कसं जायचं, याविषयी बोलत राहिले. वेगाचा विषय त्यांनी काढलाच नाही. क्रॉसबोविषयी मी इथं जे ऐकलं-वाचलं, त्यात मला सर्वांत जास्त पटलेलं हे बोलणं.

इथल्या मातीचा आणखी एक माणूस मनात असतो, आल्डो लिओपोल्ड. विस्कॉन्सिन नदीकाठी, सॉक काउंटीत, त्यानं १९३५ मध्ये एक खंगलेलं शेत घेतलं. त्याच काउंटीत आणि शेजारच्या कोलंबियात आदल्या वर्षी, १९३४ ला, या राज्याचा धनुष्याचा पहिला आधुनिक हंगाम भरला होता. लिओपोल्ड आपली धनुष्यं स्वतः घडवायचा. त्याची पत्नी एस्टेला तर राज्यातली अव्वल तिरंदाज. शिकाऱ्यांच्या अंगाखांद्यावर लटकणाऱ्या उपकरणांविषयी त्यानं कडक लिहिलं आहे, आणि शिकाऱ्यासमोर टाळ्या वाजवणारा प्रेक्षक नसतो, त्याला स्वतःच्या मनाशीच उत्तर द्यावं लागतं, हेही. त्याच्या कसोटीवर माझा क्रॉसबो उतरेल का, हा प्रश्न मी टाळत नाही. दुर्बीण, चाप, दोराची कप्पी, ही उपकरणंच आहेत. पण माझा खांदा जे देऊ शकत नाही तेवढंच मी यंत्राकडून घेतो. हरणाच्या जवळ जाणं, वाट पाहणं, आणि न सोडण्याचा निर्णय घेणं, हे मी यंत्राकडे दिलेलं नाही. साठ-सत्तर यार्डांवरून मारता यावं म्हणून घेतलेला वेग मात्र ही कामं माणसाकडून काढून घेतो. तिथं लिओपोल्डचा आक्षेप मला मान्य आहे.

शेवटी मी घेतलं ते चाकं नसलेलं रिकर्व्ह, १५० पौंड ओढीचं, हाताला हलकं. त्याची उणीव उघड आहे: पाती लांब, त्यामुळे रुंदी मोठी. चाकांची अरुंद धनुष्यं ताणल्यावर वीतभरापेक्षाही कमी रुंद होतात. माझं झुडपांत अडकतं. तंबूसारख्या आडोशात बसताना पातं सुटून कापडाला किंवा काठीला लागणार नाही एवढी मोकळी जागा बघून खुर्ची मांडावी लागते. झाडावरच्या मचाणावर चढणं मी बंद केलं, त्यामुळे हा आडोसाच माझं ठिकाण. त्यात तिपाई ठेवता येते, आणि तिपाईवर धनुष्य टेकलं की वजनाचा बराचसा प्रश्न मिटतो. पण हरीण कधी कधी तिपाईच्या भलत्याच बाजूनं येतं. तेव्हा धनुष्य उचलून, वळून, हातावरच धरावं लागतं. हलकेपणा मी घेतला तो त्या वेळेसाठी. आडोशात बसल्यावर भाता काढून बाजूला ठेवतो. नाकाशी लटकणारं तेवढंच ओझं कमी होतं. दोरी सुटलीच तर रानातच बदलता येते, त्यासाठी दुकानातला दाबयंत्राचा सांगाडा लागत नाही. ज्या शेतकरी मित्राच्या रानात मी बसतो त्यानं पहिल्यांदा धनुष्य पाहून वेग विचारला. मी सांगितला. "कमी आहे," तो म्हणाला. मी ते त्याच्या हातात दिलं आणि आम्ही पिकांविषयी बोलत राहिलो. बऱ्याच वेळानंही त्यानं ते खाली ठेवलं नव्हतं.

अंतराची माझी मर्यादा आता वीस यार्ड आहे. आडोशासमोर तेवढ्यावर एक वाळकी फांदी रोवलेली असते. तिच्यापलीकडचं हरीण कितीही मोठं असलं तरी ते फक्त बघण्यासाठी. मुलगी शिकागोहून फोन करते. "बाबा, आता पुरे करा ना," असं ती पूर्वी म्हणायची. तिच्याशी मी कसोटी ठरवून घेतली आहे. दस्त्याला क्रँक बसवायची सोय आहे. ज्या वर्षी दोर ओढताना खांदा कुरकुरेल त्या वर्षी क्रँक लावायचा. ऑगस्टमध्ये ती येते तेव्हा जाड कोट घालून, तिपाई न घेता, वीस यार्डांवरच्या आठ इंची ताटलीवर मी तिच्यासमोर बाण सोडतो. एकही बाहेर गेला तर त्या वर्षी परवाना काढायचा नाही. ताटली तीच लावते आणि अंतरही तीच मोजते.